कामातून गेलेला झगा

इंग्लंडमधल्या बाथ गावात गरम पाण्याचा झरा आहे. रोमन अमदानीत लोक तिथे स्नानाला येत, आणि स्नान आटोपून बाहेर येईपर्यंत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे कपडे नाहीसे झालेले असत. पोलीस ठाण्याची सोय नव्हती, तेव्हा तक्रार थेट देवीकडे. शिशाच्या पातळ पत्र्यावर मजकूर कोरायचा आणि पत्रा सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे उत्खननात सापडले आहेत. त्यांतला एक दोसिलियानुस नावाच्या गृहस्थाचा आहे. त्याचा टोपीवाला झगा चोरीला गेला होता. त्याचं देवीकडे मागणं असं, की चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला मरण यावं. शिवाय झगा देवळात परत आणून देईपर्यंत त्याला ना झोप लागावी, ना मूलबाळ व्हावं. मेलेल्या माणसाने झगा परत कसा आणायचा, हा तपशील त्याने देवीवर सोपवला. आजच्या वाचकाला हे जरा जास्तच वाटेल. मंगल कार्यालयात जाकीट हरवलं तर आपण वाढप्यांवर संशय घेतो, दोन दिवस हळहळतो; कोणाचा निर्वंश चिंतत नाही. पण दोसिलियानुस तापट होता असं समजायचं कारण नाही. त्याचा नुसता कपडा गेला नव्हता. छत्री, गोधडी, पिशवी आणि मुक्कामाची खोली असं सगळं एका फटक्यात गेलं होतं.

झगा म्हणजे इथे मुलींचा फ्रॉक नव्हे. खांद्यावरून सोडलेलं, गळ्याशी गाठीने किंवा बकलाने धरलेलं, बाह्या नसलेलं आणि मापाशी काडीचाही संबंध नसलेलं पांघरायचं वस्त्र, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यात रोमन सैनिकाचं सागुम येतं, अरबांचा बिश्त येतो, धनगराची घोंगडी येते आणि सुपरमॅनच्या पाठीवर फडफडतं तेही येतं. या सगळ्या गोतावळ्याचा इतिहास चाळला की एक विचित्र नियम हाती लागतो. हे वस्त्र जोवर कामाचं होतं तोवर त्याची चोरी झाली, ते गहाण पडलं, त्याच्यावर कायदे झाले, बंदी आली. मान मिळाला तो ते कामातून गेल्यावर. तीस वर्षं ज्या कारकुनाकडे साहेबांनी मान वर करून पाहिलं नाही, त्याला निवृत्तीच्या संध्याकाळी अचानक मधली खुर्ची, हार आणि भाषणं मिळावीत, त्यातलाच हा प्रकार. या नियमाला पुरावे भरपूर आहेत आणि त्याच्यावर आक्षेपही आहेत. दोन्ही बघू.

आधी कामाचा हिशेब. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमच्या २२व्या अध्यायात, धनकोसाठी नियम आहे: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण ठेवून घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत त्याला परत दे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. म्हणजे दिवसा तारण आणि रात्री अंथरूण-पांघरूण. रोज सकाळी न्यायचं आणि रोज संध्याकाळी आणून द्यायचं, या व्यवहारात व्याजापेक्षा चपलाच जास्त झिजणार. कायदा करणाऱ्याचा हेतू बहुधा तोच असावा. हे नुसतं शास्त्रापुरतं नव्हतं. इस्राएलच्या किनाऱ्यावर मेत्साद हशाव्याहू इथे १९६० मध्ये एक खापर सापडलं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या कापणीच्या एका मजुराचा तो अर्ज आहे: माझं काम पुरं झालं होतं, तरी मुकादमाने माझं वस्त्र काढून नेलं, सोबतचे मजूर साक्षीला आहेत, साहेबांनी ते परत मिळवून द्यावं. अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली, निकालाचं खापर काही वर आलेलं नाही. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

पण झग्याचं सर्वोत्तम गुणवर्णन करून ठेवलं आहे त्याच्या शत्रूने. 'द फेअरी क्वीन'चा कवी एडमंड स्पेन्सर आयर्लंडमध्ये इंग्रजांच्या नोकरीत होता. आयर्लंडला वठणीवर कसं आणावं, यावर त्याने १५९६च्या सुमारास एक संवाद लिहिला आणि त्यात आयरिश लोकांचा लोकरी झगा बंद करावा अशी शिफारस केली. कारणं पाहण्यासारखी आहेत. रानात लपलेल्या बंडखोराला हा झगा घर होतो आणि बिछानाही होतो. पाऊस, वारा, थंडी यांपैकी काहीही आत येऊ देत नाही. उन्हाळ्यात सैल सोडता येतो, हिवाळ्यात गच्च गुंडाळता येतो, आणि त्याचं ओझं कधीच होत नाही. लढाईत डाव्या हाताला गुंडाळला की ढाल होतो. चोराला त्याच्याखाली चोरीचा माल दडवता येतो. बंदीची ही शिफारस वाचून कोणत्याही समजूतदार माणसाला वाटेल ते एवढंच, की असा एक आपल्याकडेही असावा. ढालीची गोष्ट अतिशयोक्तीची नव्हे. आकिले मारोत्सो या बोलोन्याच्या तलवारबाजाने १५३६ मध्ये छापलेल्या ग्रंथात एका हातात तलवार आणि दुसऱ्या हाताला झगा असे डाव रीतसर शिकवले आहेत. आणि घर-बिछान्याची गोष्ट आपल्याला तर नवी नाहीच. दख्खनी मेंढीची लोकर, सणगराचा माग आणि चिंचोक्याची खळ एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली घोंगडी माळावर हेच सगळं करत आली आहे: बसायला अंथरायची, थंडीत ओढून घ्यायची, आणि पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावरून सोडायची. स्पेन्सरने ती पाहिली असती तर बंदीच्या यादीत आणखी दोन कलमं वाढली असती.

झग्याचा आणखी एक गुण शिंप्यांना कधीच आवडला नाही: त्याला माप नसतं, त्यामुळे तो कोणाचाही होतो आणि तुकडे झाले तरी झगाच राहतो. चौथ्या शतकात फ्रान्समधल्या आमिएँच्या वेशीपाशी मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाला थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला. त्याने तलवार काढली, आपल्या झग्याचे दोन भाग केले आणि एक त्याला दिला. पुढे तो तूरचा बिशप झाला, संत झाला. चित्रकारांनी हा प्रसंग मन लावून रंगवला, पण त्यात झग्याच्या शिवणीला, म्हणजे शिवण नसण्याला, काही श्रेय आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. कोट अर्धा करून पाहा. दोघांना एकेक बाही मिळेल आणि दोघंही गारठून मरतील. झगा अर्धा केला तर दोन लहान झगे होतात, इतकंच. तरीही मार्टिनचा चरित्रकार सुल्पिसियुस सेव्हेरुस प्रामाणिकपणे नोंदवतो, की अर्ध्या झग्यातल्या सैनिकाला पाहून आजूबाजूचे काही जण हसले. दान करावं पण दात्याचं ध्यान होऊ नये, ही लोकांची अपेक्षा फार जुनी आहे. आणि अर्धा झगा म्हणजे काय किमतीचा ऐवज, हेही पाहायला हवं. सम्राट डायोक्लेशियनने ३०१ मध्ये महागाईला वैतागून कमाल किमतींचं फर्मान काढलं. त्यात ब्रिटनच्या टोपीवाल्या झग्याची किंमत ६,००० देनारी आहे. शेतमजुराचा रोज त्याच फर्मानात जेवणावर २५ देनारी. म्हणजे इतर कशावर दमडीही न खर्चता २४० दिवस राबावं तेव्हा एक ब्रिटिश झगा. दोसिलियानुसची भाषा आता सौम्य वाटू लागते.

इतक्या उपयोगी वस्तूशी सरकारचं पटणं शक्यच नव्हतं. तिच्यात नक्की काय खटकतं, हे मात्र सरकारांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. इंग्लंडच्या संसदेने १४६३ मध्ये कायदा केला, की लॉर्डपेक्षा खालच्या दर्जाच्या कोणीही इतका आखूड झगा किंवा जाकीट घालू नये, की सरळ उभं राहिल्यावर लज्जास्थान आणि पार्श्वभाग झाकले जाणार नाहीत. लॉर्ड मंडळींना सूट होती; तो भाग त्यांच्या वडिलोपार्जित हक्कांत मोडत असावा. तीन शतकांनी माद्रिदमध्ये तक्रार नेमकी उलटी होती. तिसरा कार्लोस नेपल्सचं राज्य सोडून स्पेनच्या गादीवर आला तेव्हा त्याच्या मागोमाग एस्किलाचे नावाचा त्याचा सिसिलियन मंत्रीही आला. या मंत्र्याला माद्रिद सुधारायचं होतं. त्याने रस्त्यांवर दिवे लावले, घाणीचा बंदोबस्त आरंभला, आणि मग त्याची नजर लोकांच्या अंगाकडे वळली. माद्रिदचा माणूस पायघोळ झगा आणि डोळ्यांवर येणारी रुंद काठाची हॅट घालून हिंडे. झग्याचं टोक तोंडावरून पलीकडच्या खांद्यावर टाकलं की आत कोण आहे हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसे; आणि आत तलवार आहे की कोणाची कोंबडी, हे तर देवालाच ठाऊक. १० मार्च १७६६ रोजी हुकूम सुटला: झगा आखूड हवा, हॅट तीन टोकांची हवी. अंमलदार म्हणे शिंपी बरोबर घेऊन फिरत, आणि लांब झगेवाला दिसला की त्याला जवळच्या दाराआड नेऊन जागच्या जागी कात्री चालवत. २३ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, माद्रिद पेटलं. मंत्र्याचं घर फोडलं, नवे कोरे दिवे फोडले. राजाने बाल्कनीत उभं राहून सगळ्या मागण्या कबूल केल्या आणि रात्री कुटुंबासह आरांहुएसच्या राजवाड्याकडे पोबारा केला. एस्किलाचेला देश सोडावा लागला.

इथे अभ्यासू वाचक हात वर करील: दंगल झग्याची नव्हती, पावाची होती. ते बरोबरच आहे. धान्याच्या भावावरचं नियंत्रण आदल्या वर्षी उठलं होतं, पीक बरं नव्हतं, पाव महागला होता, आणि पाव स्वस्त करा ही मागणी दंगलखोरांच्या यादीत होतीच. पण पाव महागत गेला त्याला कित्येक महिने लागले आणि तेवढे महिने लोक घरात बसून शिव्या देत होते. ते रस्त्यावर उतरले ते कात्री चालल्यावर. महागाईला कोणी एक चेहरा नसतो. कात्री धरणाऱ्याला असतो. शिवाय ज्याच्या पोटात पाव नाही त्याला रात्र काढायला निदान पांघरूण लागतं, आणि सरकार नेमकं त्याचंच टोक कापायला निघालं होतं. यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नंतर आलेल्या अरांदाच्या काउंटने बंदीचं नावही काढलं नाही. त्याने लांब झगा आणि रुंद हॅट हा फाशी देणाऱ्या सरकारी नोकराचा अधिकृत वेष ठरवला, अशी कथा आहे, आणि थोड्याच दिवसांत माद्रिदकरांनी आपापले झगे आपणहून आखूड करून घेतले. बंदीने जो झगा हलला नाही तो गणवेशाचा दर्जा मिळताच संपला. माझ्या नियमाला इतकी सोयीची कथा मला स्वतःलाही रचता आली नसती.

सगळ्यांत सरळ आक्षेप मात्र वेगळाच आहे: झगा गेला तो कोट बरा म्हणून, त्यात कसला आलाय नियम? कोटाला बाह्या आहेत, खिसे आहेत, बटणं आहेत, आणि गाडीच्या दारात तो अडकत नाही. मान्य. झगेवाल्याचा एक हात झगा सावरण्यात जातो आणि वाऱ्याच्या दिवशी दोन्ही. पण कोटाने झग्याचं एकच काम घेतलं, अंग झाकण्याचं. बाकीची इतरांत वाटली गेली. पावसाचं काम छत्रीने घेतलं. अठराव्या शतकाच्या मध्याला जोनस हॅनवे लंडनच्या रस्त्यांवर छत्री घेऊन हिंडू लागला तेव्हा भाड्याच्या गाड्या हाकणारे त्याच्यावर तुटून पडत, कारण भिजणारा माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक. झोपण्याचं काम सराईच्या गादीने घेतलं, माल दडवण्याचं खिशाने. तोंड लपवण्याचं काम मोठ्या शहराने घेतलं, जिथे तोंड उघडं ठेवूनही कोणी ओळख देत नाही. ढालीचं काम पोलिसांनी घेतलं असं म्हणतात. एका वस्त्राच्या जागी पाच-सहा वस्तू आल्या, सगळ्या पैसे मोजून घ्याव्या लागल्या, आणि त्यांतली छत्री आपण दर पावसाळ्यात कुठेतरी विसरून येतो. याला प्रगती म्हणायला माझी ना नाही. फक्त झगा निकामी होता म्हणून गेला असं कोणी म्हणू नये. त्याची कामं एकेक करून काढून घेतली गेली, आणि काम काढून घेतलेल्याला काय देतात, तर मान.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हे अगदी तारीखवार घडलं. तिथली प्लेड म्हणजे लांबच लांब लोकरी कापड. खालचा भाग चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचा, वरचा खांद्यावर टाकायचा, रात्री पट्टा सोडला की त्याच कापडात झोपायचं. तिथल्या बंडखोरांविरुद्धची कलोडनची लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी १७४६ मध्ये या वेषावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. १७८२ मध्ये बंदी उठली, तोवर निम्मी जनता विजारीला सरावली होती आणि प्लेडमध्ये रात्र काढायची वेळ फारशी कोणावर येत नव्हती. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तो लालभडक टार्टनचा हायलँडी पोशाख करून, खाली अंगाच्या रंगाची तंग विजार चढवून. ज्या पांघरुणापायी डोंगरातला माणूस हद्दपार होत होता, त्याच्याच नात्यातला पोशाख ज्यांनी हद्दपार केलं त्यांच्या वारसाने मिरवला. आणि तो जॉर्ज त्या कपड्यात माळावर झोपण्याची शक्यता किती होती, हे त्याच्या घेरावरून उघड दिसत होतं.

मानाच्या झग्याचं लक्षण हेच, की त्यात काही करता येत नाही. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकलेल्या लिओनेल मेस्सीच्या खांद्यावर तिथल्या अमीरांनी काळा, झिरझिरीत, सोनेरी काठाचा बिश्त घातला. तो सामना संपल्यावर, जादा वेळ आणि पेनल्टी किक सगळं उरकल्यावर. आधी घातला असता तर चषक फ्रान्सने नेला असता. हवाई बेटांच्या कलानिओपूऊ राजाने २६ जानेवारी १७७९ रोजी स्वतःच्या अंगावरचा पिसांचा झगा उतरवून कॅप्टन कुकला दिला. सुमारे २०,००० पक्ष्यांची पिसं त्यात आहेत असं मानतात. १४ फेब्रुवारीला कुक त्याच राजाला ओलीस धरायला निघाला आणि किनाऱ्यावर मारला गेला. सत्काराची मुदत एकोणीस दिवस. सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजाचा सोन्यामोत्यांचा तांबडा झगा आज व्हिएन्नात आहे. त्याच्यावर उंटांना लोळवणारे सिंह आणि काठाला अरबी मजकूर. त्या मजकुरातल्या हिजरी सनावरून तो ११३३-३४चा ठरतो, आणि रॉजरचा राज्याभिषेक होता ११३० मध्ये. शिंप्याने तारीख चुकवण्याची परंपरा राजालाही चुकली नाही असं म्हणायला वाव आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये झगा घेऊन आला, पण आजवर त्या झग्याने जग वाचवल्याचं फारसं कोणी पाहिलेलं नाही. तो मागे फडफडतो आणि चित्रातला माणूस उडतो आहे हे वाचणाऱ्याला कळतं. खरोखर काम करणारा झगा रंगभूमीवर एकाचाच होता, ड्रॅक्युलाचा. १९२४ मध्ये हॅमिल्टन डीनने त्याला नाटकात आणलं तेव्हा त्या झग्याची उभी कॉलर मुद्दाम उंच ठेवली होती. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राही, डोकं कॉलरीआड दडे, आणि तो झग्यातून निसटून पायाखालच्या दारातून पसार होई. कामाचा झगा खलनायकाला, बिनकामाचा नायकाला. समाजाचं मत यापेक्षा स्पष्ट काय व्हायचं?

जाणकार इथे रोमन सेनापतीला पुढे करतील. त्याचा पालुदामेंतुम नावाचा झगा रणांगणावर वापरातही होता आणि मोठ्या मानाचाही, मग नियमाचं काय? पण तो मान कापडाला नव्हता, रंगाला होता. त्याच घाटाचं साधं सागुम अंगावर घेणाऱ्या शिपायाला कोणी उठून जागा दिल्याची नोंद नाही. उलट रोम शहर हे माझं सगळ्यांत भक्कम ठाणं आहे. तिथे मान होता टोगाला, आणि टोगा म्हणजे इतकं अवजड लोकरी प्रकरण, की ते नीट नेसवायला दुसरं माणूस लागे आणि डावा हात दिवसभर चुण्यांच्या नोकरीत राही. लोक अर्थातच कंटाळून गर्द रंगाचे सुटसुटीत झगे घालून सभेला येऊ लागले. ते पाहून सम्राट ऑगस्टस भडकला आणि त्याने नगराधिकाऱ्यांना बजावलं, की झगा उतरवून टोगात असल्याशिवाय फोरममध्ये कोणाला थारा देऊ नका. पुढे २११ मध्ये गादीवर आलेल्या एका सम्राटाने याच्या उलट केलं. गॉल मुलखातला टोपीवाला झगा त्याने स्वतः घातला, लोकांना वाटला, आणि परिणाम असा, की त्याचं लांबलचक शाही नाव विसरून इतिहास त्याला त्या झग्याच्या नावाने, काराकाला म्हणून, हाक मारतो. दोसिलियानुसचा झगा त्याच जातीचा होता. ग्रीसच्या तत्त्वज्ञांचं उदाहरणही पुढे येईल. डायोजिनीस झगा दुहेरी करून त्यातच झोपे, तरी त्या कळकट वस्त्राला मान होताच ना? होता, पण अंतिस्थेनीस आपल्या झग्याची फाटकी बाजू मुद्दाम वर करून हिंडू लागला तेव्हा सॉक्रेटिसने त्याला सांगितलंच होतं, की या भोकांतून मला तुझी प्रसिद्धीची हौस दिसते. भोकं पडलेला झगा पाऊस अडवत नाही. तो मिरवण्यापुरताच उरतो, म्हणजे नियमात बसतो.

महाराष्ट्रात तर पुरावा शोधायला जावं लागत नाही, तो खांद्यावर येऊन पडतो. मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या सभागृहात, घामाघूम सत्कारमूर्तीला जाड शाल पांघरली जाते. फोटो निघेपर्यंत ती अंगावर असते. मग घडी होऊन मांडीवर जाते, तिथून कापडी पिशवीत, तिथून कपाटात, आणि त्यातली एखादी योग्य मुहूर्तावर दुसऱ्या सत्कारमूर्तीच्या खांद्यावर. काश्मीरच्या थंडीत विणली जाऊ लागलेली ही चीज आपल्याकडे ऊब देण्याच्या जबाबदारीतून पूर्ण मुक्त झाली आहे. बैलाचं पाहा. त्याला झूल मिळते ती पोळ्याला, म्हणजे मानेवर जू नसतं त्या दिवशी. झूल घालून कोणी बैल नांगराला जुंपत नाही. राहता राहिली घोंगडी, आणि इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. धनगरांच्या देवकार्यात घोंगडी अंथरली जाते, तिला पवित्र मानतात, आणि तीच घोंगडी दुसऱ्या दिवशी मेंढरांमागे निघते. मान आणि काम एकाच वस्त्राला एकाच वेळी मिळाल्याचं हे उदाहरण मला खोडून काढता येत नाही. मात्र अलीकडे मेळाव्यांतून पुढाऱ्यांना पिवळा फेटा, काठी आणि घोंगडी देऊन गौरवण्याची पद्धत पडली आहे, त्याची मला काळजी वाटते. वातानुकूलित गाडीतून आलेला माणूस व्यासपीठावर घोंगडी घेऊन हात जोडतो, आणि तिकडे बाजारात गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांचे ढीग लागलेले असतात. माद्रिदच्या झग्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

कामाचा झगा शोधायचा तर आता भाताच्या खाचरात जावं लागेल. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर पूर्वी पानं आणि बांबूचं इरलं असे. ते करणारे हात कमी झाले तसा बऱ्याच ठिकाणी युरियाच्या रिकाम्या पिशवीने ताबा घेतला. पिशवीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यापासून कमरेपर्यंत खोळ तयार. शिवण नाही, बाही नाही, माप नाही. सासूची सुनेला होते. पाऊस थांबला की बांधावर अंथरून भाकरी खायला बसायचं, परतताना तिच्यात रानभाजी भरून आणायची. तलवार अडवण्याचं सोडलं तर स्पेन्सरची यादी जवळजवळ पुरी होते. तिच्यावर अजून कोणी कायदा केलेला नाही आणि ती पांघरून कोणा मंत्र्याचा सत्कार झाल्याचंही ऐकिवात नाही, तेव्हा पुढचे बरेच पावसाळे ती टिकावी.